घरच्या गाडीवर हात ठेवत नाहीत

प्रिय भिंगरी,

काकूचा निरोप तुला पोचला असणार. यार्डात इंजिन फुटलं, काका जवळच उभा होता, अपघात झाला, असशील तशी निघून ये. ती निरोप देते तसाच दिला असेल, अर्धा रडण्यात आणि अर्धा दवाखान्यात डबा कुणी पोचवायचा या काळजीत. आणि तू निघालीही असशील. बापावर गेली आहेस, कुणी नुसतं ‘अगं आई गं’ म्हटलं की तुझ्या पायात आधी चप्पल. तर चप्पल काढ आणि खाली बस. हे पत्र आपल्या यार्डातला मिस्त्री स्वतः घेऊन आलाय, त्याला चहा टाक, आणि त्याच्या उजव्या हाताला काय झालं ते त्याला विचारू नकोस, पुढे मीच सांगणार आहे. पत्र संपेपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. फुटलं ते निळ्या गाडीचं इंजिन. तुझा नकटा ट्रक बदल्यात देऊन जी तू घेणार होतीस, तीच. त्या गाडीत तू बसणार होतीस एवढं ध्यानात ठेवून वाच, म्हणजे मधेच माझा राग येणार नाही. शेवटी आला तर येऊ दे.

त्या दिवशी तू गाडी बघायला आलीस तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत कणीक मळत उभी होते. तू टायर बघितलेस, खाली वाकून चासी बघितलीस, स्प्रिंगच्या पाट्यांवर लाथ मारून बघितलीस, सगळं बरोबर केलंस. मग बोनेट उघडलंस आणि तळहात पुढे केलास, इंजिन थंड आहे का बघायला. तेवढ्यात काका हसला. म्हणाला, "काय गं, घरच्या गाडीवर हात ठेवतेस? दलालाची गाडी आहे का ही?" तू जीभ चावलीस, हात मागे घेतलास आणि पदर नसताना पदराला पुसावा तसा शर्टाला पुसलास. तो म्हणाला, आत्ताच वाळूची खेप टाकून आलोय, गरमच आहे. मग किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, धूर नाही, आवाज नाही, लोण्यासारखी. तू खूश. कणीक माझ्या हातात तशीच राहिली. कारण त्या सकाळी निळी गाडी फाटकाबाहेर गेलीच नव्हती. तासभर जागेवर उभी राहून नुसती तापत होती, तुझी वाट बघत.

जुन्या गाड्यांच्या या धंद्यात एकच नियम धर्मासारखा पाळतात, हे तुला तुझ्या बापाने शिकवलंच असेल. गिऱ्हाईक येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. इंजिनाचं खरं तोंड ते थंड असतानाच दिसतं. रात्रभर गार पडलेलं इंजिन सुरू झालं की सगळ्या दुखण्यांसह कुरकुरत उठतं, म्हाताऱ्या माणसासारखं. सेल्फ किती वेळ घेतो, पहिला धूर कुठल्या रंगाचा येतो, खालून ठोका येतो का वरून, सगळं त्या पहिल्या घटकेत. निळा धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा आला आणि हटेचना तर पाणी आत शिरतंय. ऑइलचं झाकण काढून त्यावर तळहात धर. आतून फुंकर लागली, हात ढकलला गेला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, कुणी कितीही शपथा घेऊ दे. ऑइल मोजायची पट्टी ओढून ऑइल बोटावर घे, बोटं मिटून उघड, तार सुटली तर समज काहीतरी मिसळलंय. आणि एकदा इंजिन तापवून ठेवलं की यातलं निम्मं लपतं. म्हणून हात आधी. पण घरच्यांत हात ठेवायचा नाही, हाही नियमच. भावाच्या, मेव्हण्याच्या, काकाच्या गाडीवर हात ठेवलास म्हणजे त्याला चोर म्हटलंस. एवढ्याशा गोष्टीवरून जन्माची तोंडं बंद झालेली घरं मी बघितलीयत. परक्याला शंभर डोळ्यांनी बघायचं आणि घरच्यासमोर डोळे मिटायचे, अशी ही आपली शहाणी जमात.

तुझा आजोबा हा नियम तोंडाने नाही, लोकांच्या हातावर शिकवायचा. लग्न होऊन मी यार्डाच्या मागच्या खोलीत आले तेव्हा मला वाटलं होतं, इथे गाड्या विकतात. काही दिवसांतच कळलं, इथे मारामाऱ्या होतात आणि मधल्या वेळात गाड्या विकतात. एकदा एक माणूस गाडी विकायला आला. म्हणाला, कालपासून उभी आहे. म्हाताऱ्याने, तेव्हा तो म्हातारा नव्हता, इंजिनावर हात ठेवला आणि काही न बोलता गाडी सुरू करू दिली. त्या माणसाला बसवलं, चहा पाजला, त्याच्या बायकोमुलांची चौकशी केली. मला वाटलं, आज देव पावला. चहा संपल्यावर त्या माणसाचं मनगट धरलं, बोनेटपाशी नेलं आणि त्याचा तळवा सायलेन्सरच्या पाइपावर दाबून धरला. ‘थंड आहे ना? सांग, थंड आहे ना?’ असं प्रेमाने विचारत होता. तो माणूस जो आवाज काढत होता तो माणसाचा नव्हता, आणि वास आला तो मी अजून विसरले नाही; पुढे कितीतरी दिवस माझ्याने तव्यासमोर उभं राहवेना. माझी दोन्ही पोरं दारात उभी होती. थोरला, म्हणजे तुझा बाप, पाण्याची बादली घेऊन त्या माणसाकडे धावला आणि त्यासाठी बापाकडून कानशिलात खाल्ली. धाकटा, म्हणजे तुझा काका, नंतर पाइपाजवळ जाऊन बघत बसला, कातडं चिकटलंय का ते. कुणी म्हणेल लहान होता. लहानच होता. मी नुसतं काय झालं ते सांगतेय.

आणि हाच तुझा आजोबा, दुसऱ्याच दिवशी, आपल्या गाडीला गिऱ्हाईक येणार म्हटलं की सकाळपासून ती तापवत ठेवायचा! मी एकदा तोंडावर म्हणाले, काल ज्याला भाजलंत त्याचीच विद्या आज तुम्ही करताय. त्याच्या हातात मोठा पाना होता. मारला नाही, फेकला. खांद्याचं हाड तेव्हापासून पावसाळी हवेत बोलतं. दुसऱ्याचं खोटं चालायचं नाही, स्वतःचं खोटं म्हणजे कसब. आतून झिजलेलं इंजिन ठोके घालतं, ते ठोके दाबायचे असतील तर इंजिनातलं पातळ ऑइल काढून त्यात गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल घालायचं, वर लेप धरणाऱ्या पावडरीची एक पुडी सोडायची. झिजलेल्या जागा त्या चिकट लेपाने भरतात आणि ठोका मुका होतो. काही दिवस. रिकामी गाडी सपाट रस्त्याला चालवलीस तर महिनेही निघतील. पण भरली गाडी घाटाला लागली, इंजिन खरं तापलं, की तो लेप पाण्यासारखा पातळ होतो आणि मग एकदम सगळं सुटतं. ही विद्या त्याने दोन्ही पोरांना दिली. थोरल्याने घेतली नाही. आपण सरळ धंदा करू म्हणाला, म्हणून बापाने त्याला फाटकाबाहेर काढला, अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि जाताना वरून दोन फटके. मरेपर्यंत म्हाताऱ्याची जीभ आणि हात, दोन्ही थकले नाहीत. गेला तोही शिव्या देता देताच, एक अर्धी तोंडात राहिली.

तुझ्या बापाचं तुला काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे, कारण सांगणारी मीच. घाट चढताना इंजिन फुटलं, गाडी पेटली, नशीब. तू तेव्हा माझ्या मांडीवर चढून नथ ओढण्याएवढी होतीस. आता पुरी सांगते, ट्रक चालवणारी बाई आहेस, झेपेल. पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी जोडणारा लोखंडी हात असतो, रॉड. तो मोडला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. आतलं उकळतं ऑइल तापल्या पाइपावर उडालं आणि भडका उडाला. केबिनचं दार आत दबलेलं, उघडेना. मागच्या गाडीवाल्याने पहारीने काच फोडली तेव्हा थोरल्याने हात बाहेर काढला होता, तो माणूस म्हणाला, हात धरला पण तो माझ्या हातात राहिला नाही. कसा राहिला नाही ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. ओळख पटवायला मी गेले. तुझ्या आईला जाऊ दिलं नाही, दाराला बाहेरून कडी लावून गेले, ती आतून दारावर डोकं आपटत होती. मी ओळख कशावरून पटवली ते माझ्याबरोबरच जाईल. त्या दिवशी तुझा काका स्मशानात सगळ्यांत मोठ्याने रडला. मी म्हटलं, चला, रक्त ते रक्त. ती गाडी त्यानेच दिली होती थोरल्याला. भावाभावांचं पुन्हा जुळलं म्हणून मी किती खूश झाले होते. थोरल्याने हात ठेवून बघितलं नव्हतं, अर्थात. घरची गाडी.

आता निळ्या गाडीचं. ती यार्डात आली तेव्हापासून रोज सकाळी ती सुरू झाली की माझ्या भांड्यांच्या फळीवरचा पेला थरथरायचा. वर झडपा हलवणाऱ्या टपेटांची टकटक असती तर मी कानही दिला नसता, ती म्हातारपणाची कुरकुर. हा खालचा ठोका होता, जाड, दाबलेला, जमिनीखालून कुणी घण मारावा तसा. मी एकदा कुणी नसताना लांब दांड्याची पळी घेऊन गेले, एक टोक इंजिनाच्या पोटाला आणि दुसरं कानाला. मिस्त्री पेचकस लावतो, मी पळी लावते, ऐकू तेच येतं. तिसऱ्या पिस्टनखाली मरण बसलेलं होतं. मिस्त्रीलाही ते ठाऊक होतं, तो काकाला म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. काका म्हणाला, बघू. मग एका सकाळी गाडी सुरू झाली आणि पेला हलला नाही. इंजिन खोललं नव्हतं, जागेवरून उतरवलं नव्हतं, आणि बरं झालं होतं. भिंगरी, न उघडता जे बरं होतं ना, ते बरं झालेलं नसतं, त्याचं तोंड दाबलेलं असतं. माणसाचंही तेच. मी म्हटलं, कुणा परक्याच्या गळ्यात बांधणार असेल, पाप त्याचं त्याला. परक्याचं दुःख करायची मला सवय नाही, खोटं कशाला बोलू. मग तू आलीस.

तू गेल्यावर मी काकाला सरळ म्हणाले, ही गाडी पोरीला द्यायची नाही. तो जेवत होता. म्हणाला, "आई, तू तुझ्या चुलीपुरती बोल." मी म्हटलं, चुलीजवळूनच ऐकू येतो तुझा ठोका. द्यायचीच असेल तर इंजिन खोलून दे, नाहीतर आत्ता फोन करून सांगते तिला. त्याने ताट भिंतीवर मारलं. काकू आत पळाली, तिला ताटांची सवय आहे. मी फोन उचलला तर तो हिसकावून त्याने फरशीवर आपटला आणि टाचेने चुरा केला, आणि मला अशी ढकलली की मी फडताळावर गेले. ओठ फाटला. आपलेच दात आपलेच ओठ म्हणतात, त्या दिवशी शब्दशः कळलं. मी उठले नाही, तिथूनच म्हणाले, तुझ्या थोबाडाला भिऊन गप्प बसेन असं वाटतं काय तुला? आणि तो ओरडला, "दादाच्या वेळी बसली होतीस ना गप्प? मग आता काय झालं?"

मला कळेना. मी म्हटलं, दादाच्या वेळी मला ठाऊक होतं काय, गप्प बसायला? आणि त्याचा चेहरा उतरला. ब्रेकवर पाय दिला आणि पाय थेट तळाला गेला की ड्रायव्हरचा होतो ना, तसा. इतकी वर्षं तो समजत होता की मी ऐकलं होतं. पेला तेव्हाही हलला असेल, पण मी तेव्हा तुझ्या आजोबाच्या शेवटच्या दुखण्यात अडकले होते, माझ्या कानात त्याचा खोकला सोडून काही शिरत नव्हतं. आणि हा धरून चालला होता की आईला सगळं ठाऊक आहे आणि आईने पचवलं. मग बोलला. मला बोलायला लावावंच लागलं नाही. "मी सांगितलं होतं त्याला, गावातल्या गावात चालव. घाटाला नेऊ नको म्हटलं होतं. त्याने ऐकलं नाही त्याला मी काय करू?" घाटाला का नेऊ नको, ते नव्हतं सांगितलं. तेवढंच राहिलं होतं सांगायचं. मी म्हटलं, आणि पोरगी? ती कुठे चालवणार आहे, अंगणात? तो म्हणाला, तिची खेप सपाटीची आहे. तुझ्या रोजच्या वाटेत घाट आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, का ठाऊक असून बोलला, ते मी अजून ठरवलेलं नाही. उद्या सकाळी गाडी तुझ्या दारात पोचवतो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

संध्याकाळी मिस्त्री बोनेटमध्ये हात घालून पंखा घट्ट करत होता. मी त्याला सगळं सांगितलं, तो म्हणाला, मी फोन करतो पोरीला, काळजी नको. काका मागे उभा होता. त्याने काही विचारलं नाही, वाद घातला नाही, नुसतं बोनेट सोडलं आणि वर चढून बसला. मिस्त्रीची उजव्या हाताची बोटं आत. मी काकाचे केस ओढले, पाठीत बुक्क्या घातल्या, खांद्याला चावले, म्हातारी बाई जे जे करू शकते ते सगळं केलं. तो उतरला तो स्वतःच्या मर्जीने. बोटं आता वाकणार नाहीत म्हणतात. ज्या बोटांनी त्या माणसाने या यार्डातली प्रत्येक गाडी जिवंत ठेवली, ती. काकाने त्याला स्वतः दवाखान्यात नेलं, वाटेत समजावलं की तोंड उघडलंस तर डावा हात आहेच अजून. आणि परत येऊन व्यवस्थित जेवला.

सकाळी तो जादा चाक आणायला टायरवाल्याकडे गेला. तुझ्या दारात गाडी पोचवायची तर सगळं साग्रसंगीत हवं ना. काकू नळावर होती. मी ऑफिसातल्या खिळ्यावरची किल्ली घेतली, मिस्त्रीचा मोठा पाना घेतला आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेले. या वयात खाली जाणं सोपं, वर येणं अवघड. ऑइलचा नट हलेना, तेव्हा पान्याला पाइप अडकवला, बाहेर आले आणि पाइपावर दोन्ही पायांनी उभी राहिले. तो करकरला आणि सुटला. ऑइल आलं ते थेंबांनी नाही, काळ्या दोरीसारखं अखंड, एवढं घट्ट. ते सगळं मातीत जाऊ दिलं. मग केबिनमध्ये चढले, कशी ते विचारू नकोस, गुडघे अजून सांगताहेत. गाडी सुरू केली, चाकाखालचा लाकडी ठोकळा एक्सिलेटरवर दाबून बसवला, किल्ली काढून घेतली आणि खाली उतरून दाराला कुलूप लावलं. या जुन्या डिझेल गाड्यांचं तुला ठाऊक आहे, एकदा सुरू झाल्या की किल्ली काढली तरी बंद होत नाहीत, केबिनमधली बंद करायची दोरी ओढावी लागते, आणि दोरी आत, कुलपात. मग टायरांच्या ढिगामागे स्टूल टाकून बसले. मला तिला मरताना बघायचं होतं. दुरुस्त व्हायची नाही, रंगवायची नाही, कुणाच्या गळ्यात बांधता यायची नाही, अशी मेलेली.

ती किंचाळत होती गं. सुरुवातीला नुसता जोराचा आवाज, मग लोखंडावर लोखंड, मग दाबलेला ठोका एकदम मोकळा झाला, धाड धाड धाड, इतक्या दिवसांचं तोंड सुटल्यासारखा. बोनेटच्या फटीतून धूर निघू लागला. काकू नळावरून ओरडत आली आणि माझ्याकडे बघून जागीच थांबली. तेवढ्यात तो आला. फाटकातूनच आवाज ओळखला त्याने, चाक टाकलं आणि धावला. दार ओढलं, बंद. माझ्याकडे बघितलं. "किल्ली दे! म्हातारे, किल्ली दे, मरेल ती!" किल्ली माझ्या मुठीत होती. मी मूठ उघडली नाही. काच फोडत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्याने बोनेट उचललं आणि डिझेलच्या पंपाची लिव्हर हाताने ओढून इंजिन बंद करायला आत वाकला. उजवा हात खाली, इंजिनाच्या कुशीत, तोंड त्याच्यावर.

आणि ठोका थांबला. इंजिन चालू, आणि ठोका थांबला. एकदम हलकं, जवळजवळ गोड. मिस्त्रीने मला कितीदा सांगितलंय, मरतं इंजिन असं हलकं झालं ना, की बघत बसू नका, पळा, रॉड सुटलाय. मी ते ऐकलं. माझा आवाज फाटकाबाहेरच्या गुरालाही थांबवतो, तू त्यावरून किती हसतेस. ‘सर बाजूला’ही नाही, नुसतं ‘सर’ एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. वेळ होता. थोडा होता, पण होता. मी त्याच्या पाठीकडे बघत बसले. कुठला सूड, कुठला न्याय, तसलं काही डोक्यात आलं नाही. आठवलं ते एवढंच, की मागच्या गाडीवाल्याने काच फोडली तेव्हा थोरल्याचा हात बाहेर आला होता. मग स्फोट झाला. रॉड बाजूची भिंत फोडून बाहेर आला, त्याच्या हातातून गेला आणि लोखंडाचा एक तुकडा जबड्यावर बसला. तो मागे पडला तेव्हा कोपराखाली हात राहिला नव्हता. मग मात्र मी धावले. दोरीवरची चादर ओढली, फाडली, दंडाला आवळली, गुडघा टेकून आवळली, रक्त थांबेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, कुणी बांधलं, ज्याने बांधलं त्याने वाचवला. मी म्हटलं, मीच. खोटं नव्हतं ते. माझं पोर आहे ते, भिंगरी. पण ‘सर’ म्हणाले नाही तीही मीच.

आता हे तुला का लिहितेय ते ऐक. काल दवाखान्यात पोलीस आले. त्याच्या तोंडाला पट्ट्या, तरी कसाबसा म्हणाला, अपघात. दुसरं म्हणालाच नसता, आईने इंजिन मारलं म्हटलं तर का मारलं ते विचारतील. मग त्यांनी मला विचारलं. मीही म्हणाले, अपघात. जन्मात पहिल्यांदा माझं आणि त्याचं एकमत झालं, आणि त्याच्या डोळ्यांत मला सुटका दिसली. तुझ्या बापाचं प्रेत ओळखून आले तेव्हा कागदावर हाच शब्द लिहून मला त्याखाली सही करायला लावली होती. मी माझा अपघात ठेवला तर थोरल्याचाही अपघातच राहतो. त्याचं खरं बाहेर काढायचं तर माझंही काढावं लागणार, एक दार बंद ठेवून दुसरं उघडता येत नाही. म्हणून उद्या मी ठाण्यात जातेय. थोरल्याच्या गाडीत काय घातलं होतं आणि कुणी, ते सांगेन. निळी गाडी मी मारली, ते सांगेन. तो वाकला तेव्हा मला काय ऐकू आलं आणि मी तोंड मिटून बसले, तेही सांगेन. मिस्त्री साक्षीला उभा राहतोय. ते मला आत ठेवतील, की म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून परत धाडतील, मला ठाऊक नाही, आणि त्याची पर्वाही नाही. पण तुझ्या बापाचं मरण पुन्हा उकरलं जाईल, तुला बोलावतील, विचारतील. ते तुला कुणा हवालदाराच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी ही मरमर केली. दवाखान्यात जावंसं वाटलं तर जा, काका तुझाच आहे, रडलीस तरी मी काही म्हणणार नाही. मला भेटायचं असेल तर ठाण्यात ये. नाही आलीस, तर का नाही आलीस ते मला समजेल, कुणाकडून निरोप धाडायची गरज नाही.

तुझीच, एवढं वाचूनही म्हणावंसं वाटलं तर,
आजी